येसरात पुरलेल्या गोळ्या

सरक जवळ, पोरी. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं पुंडलिकनगरात, पण लिहायला बसले की तू माझ्या गुडघ्याला टेकून बसलीयस असंच मी धरते. आणि आधी हे सांग, आजीशी असं तोडून बोलायचं कुणाकडून शिकलीस? मी एवढंच विचारलं होतं, की बातम्यांत निर्बंध निर्बंध म्हणतात ते नेमकं कुणाला लागतात. तर म्हणालीस, "आजी, दुसऱ्याच्या देशात रणगाडे घालणाऱ्याला लागलेच पाहिजेत, उलट अजून कडक पाहिजेत," आणि लेक्चर आहे म्हणून फोन ठेवलास. तू कायदा शिकतेस, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण समोरच्या घरात काय झालं ते तुला अर्धंमुर्धंच ठाऊक आहे. आता सगळं सांगते. मध्ये बोलू नको.

समोरच्यांची सून रशियाची, हे तुला माहीत आहे. त्यांचा मुलगा वाळूजच्या एका कंपनीत होता. कंपनीनं मशिनी बसवायला त्याला तिकडं धाडलं, काम लांबलं, तिथंच त्याचं जमलं. तिकडच्या सरकारनं युक्रेनवर लढाई घातली आणि कंपनीनं गाशा गुंडाळला. बँकेची कार्डं चालेनाशी झाली, पगार येईना. मग दोघं दोन बॅगा घेऊन इथं आली. सासू आधी आठ-पंधरा दिवस तोंड पाडून होती. नवऱ्यानं जन्मभर ट्रेझरीत कारकुनी केली, घर सोवळ्याओवळ्याचं, त्यात ही गोरीपान, भुऱ्या केसांची. पण पोरगी कामाला वाघीण. पोळी फुगली की टाळी वाजवायची. सासू विरघळली.

गल्लीचं मात्र तसं नव्हतं. कुणी मुद्दाम वाईट बोलत नसे, पण भाजीच्या गाड्यावर, गिरणीत, दवाखान्यात जो तो तिला विचारी, तुमच्या देशानं लढाई का सुरू केली? जशी काय हिलाच विचारून केली. तिनं त्यावर एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. म्हणायची, "मला पण माहीत नाही. मेथी कशी दिली?" गाडीवाला हसायचा आणि एक जुडी जास्त द्यायचा. मीही हसायची. पण घरी येऊन ती पिशवी ओट्यावर ठेवायची आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहायची, ते मी माझ्या दारातून बघत होते.

तिची आई तिकडं एका लहानशा गावात, एकटी. शाळेच्या मुलांचा स्वयंपाक करायची, आता रिटायर झालेली. तिला तरुणपणापासून झटके यायचे. आपण मिरगी म्हणतो ते. बाहेरच्या देशातल्या एका कंपनीची गोळी तिला लागू पडली होती आणि त्या गोळीवर ती बाई कित्येक वर्षं धडधाकट होती. लढाई लागली, निर्बंध आले, ती कंपनी तिथून निघून गेली. दुकानात दुसरी गोळी मिळायची, ती घेतली की झटके परत.

मी सुनेला म्हटलं, "अगं पण औषधाला कशाला बंदी घालतील? एवढी अक्कल असेल की त्यांना."

ती म्हणाली, "काकू, कागदावर बंदी नाही. औषध चालतं. पण कंपनी म्हणते आम्ही आता नाही. जहाज म्हणतं आम्ही नाही. बँक म्हणते पैसे नेणार नाही. मग दुकानदार म्हणतो, पुढच्या आठवड्यात या."

हे ऐकलं आणि पोरी, मला आमच्या गावची गिरणी आठवली. तुला हे तुझ्या आईनं सांगितलं असेल, नसेल. आमच्या लोकांनी धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं आमच्या वस्तीवर बहिष्कार टाकला. मी एवढीशी होते. माझी माय ज्वारीची पाटी डोक्यावर घेऊन गिरणीत गेली, मी तिच्या पदराला. गिरणीवाला वाईट माणूस नव्हता. तो काही 'नाही' म्हणाला नाही. म्हणाला, "पट्टा तुटलाय, बाई." आणि आत गिरणी चालू होती. पिठाचा धुरळा दारातून बाहेर येत होता, मायच्या अंगावर बसत होता. माय म्हणाली, "बरं दादा," आणि आम्ही मागं फिरलो. दुकानात मीठ संपलेलं असायचं. रॉकेल संपलेलं असायचं. कुणीच कधी नाही म्हणायचं नाही. ज्यानं बहिष्कार पुकारला तो तर आमच्याकडं बघायचासुद्धा नाही.

आता तू म्हणशील, आजी, तो बहिष्कार दुबळ्यावर होता आणि हा जुलूम करणाऱ्यावर आहे, दोन्ही एका मापानं कसे मोजतेस? बरोबर आहे तुझं. मी पण तेच म्हणते. माझ्या मायवर जुलूम झाला तेव्हा बाहेरच्या कुणी आमच्या गावच्या मोठ्या घराचं मीठ बंद केलं असतं, तर मी आनंदानं नाचले असते. एक देश दुसऱ्याच्या घरात शिरतो, पोराबाळांवर बाँब टाकतो, आणि बाकीच्यांनी काय त्याच्याशी देवाणघेवाण करत बसायचं? नाय. काहीतरी करायलाच पाहिजे. पण मग त्या मोठ्या घराचं मीठ बंद केल्यावर त्या घरात धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पण बंद होतं, त्याचं काय, ते मला कुणी सांगत नाही. बातम्यांत तर त्या मोठ्या घरातला माणूस लांबलचक टेबलाशी खुशाल बसलेला दिसतो.

असो. पुढं ऐक.

सून पोटुशी राहिली. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. तिकडं तसं काही नसतं म्हणे, पण सासूनं तिला हे रिवाज सांगितले आणि पोरीनं ते मनावर घेतलं. तिला माहेरी जाता येईना, डॉक्टरणीनं प्रवास नको म्हणून बजावलं होतं, आधीचं एक पडलेलं. मग माहेरच इकडं यायचं ठरलं. तिची आई येणार. बाईनं जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. इथं सासूनं माळ्यावरची गादी उतरवून तिला ऊन दाखवलं. फक्त एक गोष्ट आडवी होती. झटके येत असताना विमानात बसवणार कसं? गोळ्या सुरू होऊन काही दिवस झटका आला नाही, तरच तिथले डॉक्टर सोडणार होते.

आणि मजा बघ, तीच गोळी आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. नाव दुसरं, पण मेडिकलवाला म्हणाला कंटेंट सेम. इथल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, व्हय, हीच. बनलेली पण आपल्याच एमआयडीसीत. सून ते पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं करून बघत राहिली. एवढीशी वस्तू, आणि पोचवायची कशी?

कुरिअरवाल्यानं देशाचं नाव ऐकूनच मान हलवली. दुसऱ्यानं घेतलं, ते पार्सल महिन्यानं परत आलं, वर शिक्क्यांची गर्दी. पोस्टात सांगितलं, सध्या नाही. मुलगा बिचारा रोज कंपनीतून आला की फोन घेऊन बसायचा, याला विचार, त्याला विचार.

मी म्हटलं, तुमचं ते राहू द्या. आपण एस.टी.नं डबा कसा पाठवतो? ड्रायव्हरच्या हातात देतो, पलीकडं आपला माणूस उभा असतो. कुणीतरी जाणारं माणूस शोधायचं.

आणि माणूस माझ्याच घरातलं निघालं. पैठणला माझी धाकटी मावसबहीण असते, तुला आठवत असेल, हातानं भरभरून वाढणारी. तिची मुलगी डॉक्टरकी शिकायला युक्रेनला होती. लढाई सुरू झाली तेव्हा हॉस्टेलच्या तळघरात लपली होती, बर्फातून सरहद्दीपर्यंत चालत आली, हे सगळं आपण तेव्हा टीव्हीसमोर जीव मुठीत धरून ऐकलंय. परत आल्यावर बसून होती. इथल्या कॉलेजात घेईनात. शेवटी अर्धी राहिलेली डॉक्टरकी पुरी करायला तिला जागा मिळाली ती रशियात. नशीबच म्हणायचं, दुसरं काय. ज्यांनी बाँब टाकले त्यांच्याच घरी शिकायला जायचं. सुट्टीला आली होती, परत निघाली होती.

मी फोन केला. बहीण म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगितल्यावर नाही कशी म्हणू?" मायलेकी एस.टी.नं आल्या. मी सुनेला बोलावलं. पोरीनं गोळ्यांची खोकी नीट रचून आणली होती, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचं तिच्या भाषेत भाषांतर करून, त्यावर सही घेऊन, ते कागद खोक्यातच घालून ठेवले होते. चहा झाला. बहीण बोलत होती, मी बोलत होते, आणि त्या दोघी तरण्याताठ्या पोरी गप्प. मग माझी भाची, तिला आता रशियन येतं तरी, एकदम मराठीतच म्हणाली, म्हणजे आम्हालाही कळावं म्हणून म्हणाली असेल:

"तुमच्या आईला माहीत आहे का, आमच्या हॉस्टेलवर काय पडलं ते?"

सून म्हणाली, "माझी आई टीव्ही बघते. टीव्हीवर सांगतात तेच खरं, असं ती म्हणते. मी फोनवर भांडले. तिनं फोन ठेवला. मग दोन दिवसांनी परत केला, विचारलं, जेवलीस का."

"माझी रूममेट तिथलीच होती," भाची म्हणाली. "ती आता नाही."

माझ्या बहिणीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाणार. सून खाली मान घालून बसलेली, हात पोटावर. भाची उठली. खोकी उचलून आपल्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "गोळ्या पोचवीन. नमस्कार सांगणार नाही."

सून म्हणाली, "नको सांगू. गोळ्या दे."

पोरी, मी इतकी वर्षं अंगणवाडीत काढली, लई भांडणं मिटवली, पण अशी तडजोड मी बघितली नव्हती. त्या दोघींनी एकमेकींना माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण काम ठरलं.

आता खरं ते सांगते. आपल्याकडं परगावी जाणाऱ्याची बॅग कशी भरतात ते तुला माहीत आहे. तू पुण्याला निघतेस तेव्हा तुझी आई काय करते? तसंच. बहिणीनं लेकीची बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलली. वजन जास्त. मग घरी आणून परत उपसली. लेकीचं जेवण तिकडं होत नाही, म्हणून शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि येसराचा मोठा डबा. येसर तरी ती काय सोडणार, डाळी-गहू-धने भाजून स्वतः दळून आणलेला. मग काय काढायचं? तिनं गोळ्यांची खोकी बघितली. तिला वाटलं, यात नुसती हवा भरलीय, जागा खातात. तिनं पट्ट्या काढून घेतल्या आणि खोकी चुलीत घातली. कागद खोक्यात होते, ते तिनं औषधाबरोबर येतात तसले घडीचे कागद समजून बघितलेच नाहीत. आणि पट्ट्या चुरगळू नयेत म्हणून तिनं काय करावं? आपण बांगड्या धान्यात पुरून नेतो, अंडी पिठात ठेवून नेतो. तिनं त्या गोळ्यांच्या पट्ट्या येसरात पुरल्या. वर चमच्यानं दाबून सारखं केलं. लेक झोपली होती. लेकीला सांगायचं राहिलं.

तिकडं विमानतळावर बॅग मशिनीतून गेली आणि त्यांना डब्यात काहीतरी दिसलं. डबा उघडला. तपकिरी पावडर, आत लपवलेल्या गोळ्या, खोकं नाही, कागद नाही. आणि गोळी डोक्यावर परिणाम करणारी. झाकलेलं ते चोरीचं, असंच कुणीही म्हणेल. पोरीला एका खोलीत बसवलं, दिवसभर विचारत राहिले, कुणी दिल्या, कुणाला देणार, काय कमावतेस. तळघरातून जिवंत आलेली पोर ती. तिनं एकच सांगितलं, की एका आजारी बाईच्या आहेत. पत्ता सांगितला नाही. नंतर मला म्हणाली, "मावशी, पत्ता सांगितला असता तर ते त्या बाईच्या दारात गेले असते." कॉलेजचे कुणी आले म्हणून सुटली. गोळ्या, येसर, चटणी, सगळं तिथंच गेलं.

बहिणीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येईना. "अक्का, मी जपून ठेवल्या होत्या हो. मोडू नये म्हणून ठेवल्या होत्या." तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तूही. मी फक्त म्हटलं, पोरगी सुखरूप आहे ना, मग रडू नको.

समोर जाऊन सांगायचं काम माझ्याकडं आलं. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. सासू कपाळाला हात लावून बसली. मुलगा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. सून कुणावर चिडली नाही. म्हणाली, "काकू, येसर म्हणजे काय?"

मी घरून वाटीत आणून दिला. तिनं बोटावर घेऊन हुंगला, जिभेला लावला. म्हणाली, "चांगला वास आहे." आणि वाटी तशीच धरून बसली.

आम्ही परत माणसं शोधायला लागलो. खुलताबादच्या एका घरातला मुलगा जाणार असं कळलं, त्याच्या बापानं हात जोडले. पैठणची गोष्ट तोवर सगळीकडं झाली होती. त्या बापाचं तरी काय चुकलं? दुबईवरून कुणी जातंय, अमक्याचा मेव्हणा जातोय, असं चाललं होतं. तिकडं हिची आई अर्धी अर्धी गोळी घेऊन दिवस काढत होती, ती गोळी पण दुसरीच.

एका दुपारी सुनेच्या फोनवर आईच्या शेजारणीचा चेहरा आला. बाईला न्हाणीघरात झटका आला होता. पाय घसरून बादलीच्या कडेवर पडली. घरात दुसरं कुणी नाही. नळ चालू राहिला, पाणी जिन्यातून वाहत खाली आलं तेव्हा शेजाऱ्यांना कळलं.

आठवा संपत आला होता सुनेला. तिला जाता आलं नाही. मूठमाती तिनं फोनवर बघितली. शेजारीण फोन धरून होती, चित्र सारखं हलत होतं. बर्फ, काळे कोट, एक लाकडी पेटी. सासूनं तिला मागून धरलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, कशासाठी ते मलाच कळत नव्हतं.

गल्लीत बातमी गेली. दुकानात एक जण म्हणाला, टीव्हीवर रोज इतके मरतात, युक्रेनवाले तर हजारोंनी, त्यात ही एक म्हातारी. त्याचं खोटं नव्हतं. फक्त सुनेच्या फोनवर बघून मला त्या बाईचा चेहरा माहीत होता, एवढाच फरक. भाचीचाही फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं. म्हणाली, "मावशी, नमस्कार सांगायला पाहिजे होता का मी?" मी म्हटलं, गोळ्याच पोचल्या नाहीत, नमस्कार कसला पोचतोय. मग वाटलं, असं बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. मी रोज सकाळी अंघोळ घालायला जाते, सासूची कंबर धरलेली असते. बाळ गोरं आहे, केस मात्र काळेभोर. आई दूध पाजते, सगळं करते, पण बोलत नाही. बाळाशी पण नाही. मी म्हटलं, तुझ्या भाषेत बोल की गं, अंगाई म्हण. तर म्हणाली, "ती भाषा माझ्या आईची आहे. बोलायला गेले की तिचाच आवाज ऐकू येतो." मी बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्याकडं दिलं.

बारसं व्हायचं राहिलं. बाराव्या दिवशी तिनं नको म्हटलं, मग महिना झाला तेव्हाही नको. या आठवड्यात सासू एकटी माझ्याकडं आली. या घरात यायला तिला आधी दहा वेळा विचार करावा लागायचा, आणि आता सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. म्हणाली, "पाळण्याच्या एका बाजूला मी बसेन. दुसऱ्या बाजूला तिच्या माहेरचं कुणीतरी लागतं, बाळ इकडून तिकडं द्यायला. तुम्ही बसाल का?" मी म्हटलं, बसेन. त्यात काय विचारायचं? मग तिनं सुनेचं म्हणणं सांगितलं. ती तयार झाली आहे. मोठा कार्यक्रम नको, गाणी नकोत, बाहेरचं कुणी नको. फक्त एक विचारलं म्हणे, की तिला बहीण नाही, मग तिच्या बाजूला दुसरी बाई कोण?

मी कुणाचं नाव घेतलं नाही. सासूला म्हटलं, बघते.

तर पोरी, येत्या रविवारी बारसं आहे, ये. अभ्यासाची पुस्तकं आणायची असली तर आण, जेवण झाल्यावर वाचत बस, मी काही म्हणणार नाही. निर्बंध बरोबर की चूक, त्यावर माझ्याशी भांडायचं तर ते पण भांडू, पण त्या घरात तो विषय काढू नको. तिथं तू फक्त तिच्या शेजारी बसायचं, बाळ तुझ्या हातात येईल ते घ्यायचं आणि मला द्यायचं. शनिवारीच संध्याकाळच्या गाडीनं निघ, म्हणजे सकाळी घाई होणार नाही. ये गं. तिच्या बाजूला मी एकटीच आहे.